सिगारच्या पेटीची गिटार : पेटीची निवड कशी करावी

तारेचा स्वतःचा आवाज फार लहान असतो. भिंतीतील दोन खिळ्यांमध्ये पोलादी तार ताणून बांधली आणि ती छेडली, तर ती थरथरताना स्पष्ट दिसते. पण तिचा नाद खोलीच्या दुसऱ्या टोकाला क्वचितच पोहोचतो. याचे कारण सोपे आहे. बारीक तार हवेला ढकलत नाही, हवेतून कापत जाते. तिच्यापुढील हवा दाबली जाण्याऐवजी तिच्या दोन्ही अंगांनी मागे वळते आणि ध्वनीची लाट म्हणावी अशी लाट निर्माणच होत नाही. हवेला मोठ्या प्रमाणावर हलवावयाचे, तर रुंद आणि हलका पृष्ठभाग पाहिजे. तारेचे कंपन अशा पृष्ठभागास देता आले, म्हणजे वाद्य बोलू लागते. सतारीला भोपळा व तबली असते, तुणतुण्याला पोकळ लाकडी नळकांड्याच्या तळाशी मढविलेले कातडे असते. आणि अमेरिकेतील गरिबांच्या एका वाद्याला सिगारची रिकामी पेटी असते.

या वाद्याची रचना पाहता क्षणी समजते. एक लाकडी पट्टी पेटीच्या आरपार घालतात. तीच त्याची दांडी. दांडीच्या एका टोकास खुंट्या, दुसऱ्या टोकास तारा अडकविण्याची सोय आणि पेटीच्या झाकणावर तारा उचलून धरणारी घोडी. तारा बहुधा तीन, कधी चार, कधी एकच. पडदे असतात किंवा नसतात. नसल्यास वादक काचेच्या बाटलीची मान बोटात घालून ती तारेवरून सरकवतो आणि सूर ओढून काढतो. करवत, कानस, पॉलिशपेपर आणि थोडा धीर एवढ्या सामग्रीवर हे वाद्य दोन-तीन दिवसांत तयार होते. दांडी चुकली तर नवी करता येते, घोडी हलविता येते, तारा बदलता येतात. पेटी मात्र एकदा कापली की कापली. शिवाय वाद्याचा आवाज कसा निघेल, याचा बराचसा निर्णय पेटी निवडतानाच होऊन गेलेला असतो. म्हणून या पुस्तिकेत बाकीच्या कृतीकडे धावता दृष्टिक्षेप टाकून पेटीच्या निवडीचाच विचार केला आहे.

पेटी वाद्यात कशी आली

सिगार प्रथमपासून लहान पेट्यांत विकल्या जात नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील दुकानदार त्या पिंपांतून किंवा मोठ्या खोक्यांतून काढून सुट्या विकत. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–६५) झाले, त्याच्या खर्चासाठी तंबाखूवर कर बसला आणि कर चुकवेगिरी थांबविण्यासाठी सिगार ठरावीक संख्येने पेटीत भरून त्या पेटीवर कराचे तिकीट चिकटविण्याचा नियम झाला. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून पेटीवर आणखी एक सूचना छापलेली आढळते : ही पेटी सिगार भरण्यासाठी पुन्हा वापरणे हा गुन्हा आहे. जुन्या तिकिटाच्या आडून नवा माल विकला जाऊ नये, हा तिचा हेतू. परिणाम मात्र असा झाला की, पातळ फळ्यांची, नीट सांधलेली, सुबक पेटी एकदा रिकामी झाली की तिच्या धन्याला ती निरुपयोगी ठरली. अशा पेट्या घरोघरी साठल्या. कोणी त्यांत बटणे ठेवली, कोणी पत्रे ठेवली आणि कोणी त्यांना तारा लावल्या. वाद्यांच्या इतिहासात करखात्याचे नाव सहसा येत नाही; येथे ते आदराने घ्यावे लागेल.

यादवी युद्धातील सैन्यजीवनाची चित्रे काढणारे एडविन फोर्ब्स यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका कोरीव चित्रात, छावणीतील सैनिक सिगारच्या पेटीपासून केलेले व्हायोलिन वाजवीत असल्याचे दिसते. १८८० च्या दशकात डॅनियल कार्टर बिअर्ड यांनी मुलांसाठी अशाच पेटीचा बँजो करण्याची कृती लिहिली. हेच बिअर्ड पुढे १९१० मध्ये अमेरिकेतील बालवीर संघटनेच्या संस्थापकांपैकी एक झाले. परंतु या वाद्याची खरी वस्ती दक्षिणेकडील कापसाच्या शेतांवर, खंडाने वा वाट्याने जमीन कसणाऱ्या गोऱ्या आणि विशेषतः काळ्या कुटुंबांत होती. टेक्सासमध्ये १९१२ साली जन्मलेले ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्स यांचे पहिले वाद्य सिगारच्या पेटीचे होते. टेनेसीतील कार्ल पर्किन्स यांना त्यांच्या वडिलांनी सिगारची पेटी आणि केरसुणीचा दांडा यांची गिटार करून दिली होती. दुकानातील गिटार घेण्याइतके पैसे ज्या घरी नव्हते, त्या घरी संगीत या वाटेने आले. त्या मुलांना पेटी निवडण्याची सवलत नव्हती. जी मिळेल ती घ्यावयाची. आज ज्यास चार पेट्यांतून एक उचलावयाची संधी आहे, त्याने ती केवळ झाकणावरील चित्र पाहून उचलणे बरे नव्हे.

पेटीची तीन कामे

पेटी एक दिसत असली, तरी ती वाद्यात तीन निरनिराळी कामे करते. झाकण हे तबलीचे काम करते, म्हणजे तारेचे कंपन घोडीमार्फत घेऊन स्वतः कंप पावते. आतील हवा ही दुसरी गोष्ट. ती भोकातून आतबाहेर हेलकावे खाऊन खालच्या सुरांना भर देते. तिसरे काम भिंतींचे व तळाचे. या दोघांना घट्ट धरून ठेवणे, स्वतः शक्यतो न हलणे आणि न खुळखुळणे. तिन्ही कामे निरनिराळी असल्यामुळे त्यांची परीक्षाही निरनिराळी करावी लागते.

यांत सर्वांत महत्त्वाचे झाकण. झाकण हलके असावे, पण लवचीक चिंधीसारखे नसावे. ताठ असावे, पण दगडासारखे नसावे. येथे जाडीचा प्रभाव विलक्षण आहे. एकाच लाकडाच्या दोन फळ्या घेतल्या आणि एकीची जाडी दुसरीच्या दुप्पट असली, तर जाड फळीचे वजन दुप्पट होते, परंतु वाकण्यास होणारा तिचा विरोध आठपट होतो. कारण हा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अडीच मिलिमीटरच्या जागी पाच मिलिमीटरचे झाकण घेतले, तर ते ‘थोडे मजबूत’ होते असे नाही. तारेच्या दृष्टीने ती वेगळीच वस्तू होते. कारखान्यात तयार होणाऱ्या गिटारची तबली अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते आणि तिचे क्षेत्रफळ सिगारच्या पेटीच्या कितीतरी पट असते. लहान फळी मोठीपेक्षा मुळातच ताठ असते. तेव्हा पेटीचे झाकण तीन मिलिमीटरच्या आसपास असल्यास उत्तम, चारपर्यंत चालेल, सहा असल्यास ते घासून पातळ करण्याची तयारी ठेवावी किंवा पेटी परत ठेवावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेटी आवाज ‘निर्माण’ करीत नाही. बोटाने तारेला जेवढी शक्ती दिली, तेवढीच वाद्यात असते. पेटी ती फक्त लवकर खर्च करते. पातळ, हलक्या झाकणाची पेटी मोठ्याने बोलते आणि लवकर थांबते. जाड झाकणाची पेटी हळू बोलते, पण सूर लांबतो. बँजोचे कातडे आणि भरीव लाकडाची विजेरी गिटार ही या दोन प्रवृत्तींची टोके होत. कोणते बरे, हा आवडीचा प्रश्न आहे. परंतु घरच्या ओसरीवर, कोणत्याही यंत्राच्या मदतीवाचून, चार माणसांना ऐकू जावे असे वाद्य पाहिजे असल्यास पातळ झाकणाच्या बाजूनेच कौल द्यावा.

लाकूड कोणते

जुन्या सिगारच्या चांगल्या पेट्या ज्या लाकडाच्या असत, त्यास व्यापारात ‘स्पॅनिश सिडार’ म्हणतात. ते स्पेनचे नाही आणि सिडार म्हणजे देवदारही नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि वेस्ट इंडीज बेटांत वाढणारा हा वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. त्याचे कुल आपल्या कडुनिंबाचे. लाकूड हलके, सरळ रेषांचे, सहज कापले जाणारे, हवामान बदलले तरी फारसे न वळणारे; त्याचा सुवास तंबाखूस मानवतो आणि किडीस मानवत नाही. पेटीवाल्यांनी ते या गुणांसाठी निवडले, परंतु हलकेपणा आणि ताठपणा हे तबलीसही हवे असलेले गुण आहेत.

भारतीय वाचकास यात एक ओळखीची खूण सापडेल. आपल्याकडील तून वृक्ष याच कुलातला इतका जवळचा भाऊबंद आहे की, पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास सेड्रेला याच प्रजातीत घालीत. आता तो टूना सिलिआटा या नावाने वेगळा मानला जातो. तूनचे लाकूड सतारीसाठी वापरण्याची परंपरा सुप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील शेतमजुराच्या मुलाने उकिरड्यावरून उचललेली पेटी आणि सतारीच्या कारागिराने पारखून घेतलेला ओंडका, ही दोन्ही लाकडे एकाच घराण्यातली निघावीत, हा योगायोग खरा. पण दोन्हीकडे कान एकाच गुणांवर गेला, हे निव्वळ योगायोगाचे काम नव्हे.

आजच्या पेट्यांची स्थिती मिश्र आहे. सेड्रेला वृक्षांची तोड इतकी झाली की, २०२० पासून अमेरिका खंडातील या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आले आहे. बाजारात संपूर्ण लाकडी पेट्या अद्याप मिळतात, परंतु त्यांच्या बरोबरीने प्लायवुडच्या, एमडीएफ म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या आणि जाड पुठ्ठ्याच्या पेट्याही मिळतात. आणि सर्वांवर सारखाच सुंदर छापील कागद चिकटविलेला असल्यामुळे वरून भेद कळत नाही. एमडीएफ हे स्पॅनिश सिडारच्या सुमारे दीडपट जड असून ताठपणात त्याच्या निम्म्याहून कमी भरते. म्हणजे तबलीला जे नको ते सर्व त्यात आहे. त्याच्या भिंती चालतील, झाकण चालणार नाही. प्लायवुड पातळ असेल तर त्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. पुष्कळ स्वस्त गिटारींच्या तबल्या प्लायवुडच्याच असतात.

ओळखावे कसे? झाकण उघडून त्याची कड आणि बिजागरीजवळचा न मढविलेला भाग पाहावा. लाकडाच्या कडेवर रेषा दिसतात, प्लायवुडच्या कडेवर थर दिसतात, एमडीएफची कड बिस्किटासारखी एकजीव, तपकिरी आणि रेषाहीन असते. पूर्ण लाकडी झाकण असल्यास रेषांची दिशाही पाहावी. लाकूड रेषांच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा अनेक पटींनी ताठ असते. म्हणून रेषा तारांच्या दिशेने धावत असलेली पेटी अधिक टिकते. रेषा आडव्या असल्यास घोडीच्या दाबाने झाकण पन्हाळीसारखे खचण्याचा किंवा उभे चिरण्याचा संभव असतो. एमडीएफ कापताना उडणारी धूळ अत्यंत बारीक असते व तिच्यात राळेचा अंश असतो. ते काम उघड्या जागी, नाकावर फडके बांधून करावे, आणि मुलांकडून करवू नये.

हवेचे गणित

आता आतील हवेकडे वळू. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक सूर निघतो, हे सर्वांना ठाऊक आहे. बाटलीच्या मानेतील हवा हे लहानसे वजन आणि पोटातील हवा ही स्प्रिंग. ते वजन त्या स्प्रिंगवर आतबाहेर हेलकावे खाते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या १८६३ सालच्या ग्रंथात अशा पोकळ्यांचा उपयोग ध्वनीचे पृथक्करण करण्यासाठी वर्णन केला, म्हणून या अनुनादास त्यांचे नाव आहे. भोक पाडलेली पेटी ही बसक्या मानेची बाटलीच होय. पोकळी मोठी केली की सूर खाली जातो, भोक मोठे केले की वर चढतो.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आतून २३ सेंटीमीटर लांब, १८ रुंद आणि ५ खोल अशी पेटी सर्वसाधारण मापाची म्हणता येईल. तिच्यात सुमारे दोन लिटर हवा मावते. तीन मिलिमीटर जाडीच्या झाकणात ४ सेंटीमीटर व्यासाचे एक भोक पाडले, तर हिशेबाने हवेचा सूर दर सेकंदास सुमारे २२० कंपनांचा येतो. आता तारांकडे पाहू. तीन तारांची गिटार बहुधा अशी लावतात की, खालच्या तारेची कंपने सेकंदास ९८, मधलीची १४७ आणि वरचीची १९६ असतात. म्हणजे या पेटीची हवा मदतीस येते ती वरच्या तारेच्या सुराच्याही वर! खालच्या दोन तारांचा मूळ स्वर उघडाच पडतो. कानावर पडतात ते मुख्यत्वे त्यांचे वरचे उपस्वर. सिगारच्या पेटीच्या गिटारीचा आवाज किंचित नाकातून आल्यासारखा, पत्र्याच्या डब्याची आठवण करून देणारा का असतो, त्याचे बरेचसे उत्तर येथे आहे. पूर्ण आकाराच्या गिटारीत याच्या सहापट तरी हवा असते आणि तिचा हवेचा सूर १०० कंपनांच्या आसपास येतो.

दोष म्हणून नव्हे, लक्षण म्हणून हे सांगितले. पुष्कळांना तोच आवाज प्रिय आहे आणि ब्लूजच्या गाण्यास तो शोभतोही. परंतु ज्यास थोडा भरदार आवाज हवा, त्याने लांबीरुंदीपेक्षा खोलीकडे पाहावे. २६ × १९ सेंटीमीटरची, पण ७ सेंटीमीटर खोल पेटी घेतली तर हवा साडेतीन लिटरांच्या घरात जाते. भोक ३ सेंटीमीटर व्यासाचे ठेवल्यास सूर १४५ कंपनांवर उतरतो, म्हणजे बरोबर मधल्या तारेपाशी. प्रत्यक्षात पातळ भिंती किंचित लवत असल्यामुळे तो आणखी थोडा खाली सापडतो. खोल पेटी कुशीत धरण्यास किंचित बेढब होते, एवढीच तक्रार.

भोकांविषयी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ४ सेंटीमीटरच्या एका भोकाऐवजी २ सेंटीमीटरची दोन भोके एकमेकांपासून दूर पाडली, तर एकंदर उघडे क्षेत्र निम्मे होते. तरी हवेचा सूर २२० वरून जेमतेम २१३ वर येतो. कारण भोकाच्या दोन्ही बाजूंची काही हवा त्याच्याबरोबर हलते आणि पातळ फळीतील लहान भोकाच्या बाबतीत क्षेत्रफळापेक्षा व्यास अधिक निर्णायक ठरतो. यावरून झाकणावरील सुंदर चित्राच्या मधोमध मोठे भोक पाडण्याची जरुरी नाही. वरच्या दोन कोपऱ्यांत दोन लहान भोके पाडावीत. चित्रही राहते आणि तबलीचा मधला, खरा हलणारा भागही अखंड राहतो.

पेटी न कापता हवेची परीक्षा करता येते. झाकण उघडून ठेवावे, पेटीच्या तोंडावर बसेल असा जाड पुठ्ठा कापून तो चिकटपट्टीने कडेने बंद करावा व त्यात एक लहान भोक पाडावे. भोकाजवळ तोंड नेऊन ‘ऊ’ असा सूर खालून वर सावकाश चढवीत न्यावा आणि एक हात पुठ्ठ्यावर ठेवावा. एका विशिष्ट सुराशी पेटी एकदम थरारेल. तोच हवेचा सूर. भोक थोडे मोठे करून पुन्हा गावे. सूर चढलेला आढळेल. पुठ्ठा लाकडापेक्षा लवचीक असल्यामुळे आकडा अचूक मिळत नाही, परंतु दोन पेट्यांची तुलना उत्तम होते. शाळेतील मुलांना हा प्रयोग करून दाखविण्यासारखा आहे. पेटी नंतर गिटार झाली नाही तरी चालेल.

टकटक आणि रवा

दुकानात मात्र पुठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन कोणी जाणार नाही. तेथे बोटाचे सांधे पुरेत. पेटी बंद करून एका हाताने तिच्या भिंती हलकेच धराव्यात, झाकणास हात लागू देऊ नये, आणि दुसऱ्या हाताच्या वाकविलेल्या बोटाने झाकणाच्या मध्याजवळ ठोकावे. कुंभाराचे मडके घेताना घरातील वडीलधारी बाई जसा कान देते, तसा कान द्यावा. ‘टक्’ असा आखूड, कोरडा आवाज आला तर झाकण जाड किंवा जड आहे. ‘ढम्’ असा क्षणभर रेंगाळणारा आवाज आला तर ते हलते आहे. त्यात ‘झर्र’ असा कण मिसळला असेल, तर कुठेतरी सुटलेला कागद, सैल बिजागरी वा निघू पाहणारा खिळा आहे. हा दोष बहुधा दुरुस्त होतो. पहिला होत नाही. मग कडेच्या जवळ ठोकून पाहावे. मध्य आणि कड यांच्या आवाजात चांगला फरक असणे हे सुलक्षण होय. सर्वत्र सारखाच आवाज येणारे झाकण म्हणजे लहानसे दार.

घरी आणल्यावर आणखी एक प्रयोग करावा. झाकण पेटीला घट्ट बसवून त्यावर चिमूटभर कोरडा रवा पसरावा आणि पेटीजवळ ध्वनिवर्धक ठेवून एक एक सूर वाजवावा. काही सुरांवर रवा नाचू लागतो आणि जेथे झाकण स्थिर असते त्या रेषांवर गोळा होतो. जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये अशा आकृत्या प्रसिद्ध केल्या. जेथे रवा थांबत नाही, तेथे झाकण सर्वांत अधिक हलते. घोडी तेथे किंवा तिच्या जवळ यावी.

घोडी कोठे येणार

यावरून पेटीच्या लांबीचा प्रश्न निघतो आणि तो बरेच जण विसरतात. तारेची वाजणारी लांबी, म्हणजे खुंट्यांकडील आडापासून घोडीपर्यंतचे अंतर, सुमारे ६३ सेंटीमीटर ठेवतात. घोडी झाकणाच्या कडेवर आली तर तारेने कितीही ओढले तरी झाकण हलणार नाही. कारण कड भिंतीला जखडलेली असते. घोडी तळटोकापासून झाकणाच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर यावी. पेटी फार आखूड, म्हणजे १५ सेंटीमीटरची असेल, तर घोडी कडेपासून पाचच सेंटीमीटरवर येते आणि उजव्या हातास छेडण्यास जागाही उरत नाही. २० ते २६ सेंटीमीटरची लांबी सोयीची. पाच-दहा सिगारांच्या लहान पेट्या दिसण्यात मोहक असतात, पण त्या एकतारीस योग्य, गिटारीस नव्हेत.

खोलीचा दुसरा हिशेब दांडीशी आहे. दांडी सामान्यतः ४ सेंटीमीटर रुंद व २ जाड असते आणि ती झाकणाच्या खालून पेटीच्या आरपार जाते. तारांचा सारा ताण तिनेच सोसावयाचा असतो. तारांच्या जाडीप्रमाणे तीन तारांचा मिळून ताण २० ते ३५ किलोग्रॅम वजनाइतका होतो. सिगारची पेटी तो सोसू शकत नाही. दांडी आरपार असली आणि तारांची टोके दांडीलाच अडकविली, तर पेटीवर येतो तो फक्त घोडीचा खाली दाब. घोडीवरून तारा सुमारे दहा अंशांनी खाली वळत असतील तर ३० किलोग्रॅम ताणाचा असा दाब पाच किलोग्रॅमच्या आसपास भरतो. तीन मिलिमीटरचे चांगले झाकण तो सहज पेलते. तारांची टोके झाकणातच खिळ्यांनी अडकविलेली वाद्येही पाहावयास मिळतात. ती काही महिन्यांत पोटाकडून फुगतात.

म्हणून भिंतीची उंची निदान साडेचार सेंटीमीटर असावी. दांडीसाठी दोन आखूड भिंतींत खाच घेतल्यावर खाली पुरेशी भिंत उरली पाहिजे, अन्यथा कोपरे सुटतात. दांडी झाकणाला आतून चिकटता कामा नये. झाकणाखाली येणारा तिचा भाग तीन-चार मिलिमीटर तासून घ्यावा, नाहीतर निवडलेल्या उत्तम झाकणाच्या पाठीवर आपणच हात ठेवल्यासारखे होईल. दांडी आतील हवेची जागाही घेते. वरील दोन लिटरांच्या पेटीत ती सुमारे नऊ टक्के जागा व्यापते. उथळ पेटीत ही हानी डोळ्यांत भरण्यासारखी आहे.

कोपऱ्यांचे सांधे पाहताना एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतवल्याप्रमाणे दाते एकमेकांत बसविलेले असतील, तर ती पेटी निःशंक घ्यावी. नुसत्या खिळ्यांनी जोडलेली असल्यास आतून कोपऱ्यांत लहान लाकडी ठोकळे सरसाने चिकटवावेत. पेटी कर्णाच्या दिशेने हलकेच पिळून पाहावी. कुरकुरली तर ठोकळे हवेत, हे समजावे.

जुन्या पेटीविषयी दोन शब्द. जुने, वाळलेले लाकूड वाद्यास चांगले, हे खरे. परंतु जुनी पेटी म्हणजे चांगली पेटी नव्हे. ओलीने फुगलेला तळ, किडीची भोके, बुरशीचा वास असल्यास ती सोडून द्यावी. आतील तंबाखूची धूळ कोरड्या ब्रशाने काढावी. पाणी लावल्यास सरस व कागद दोन्ही सुटतात. आणि एकोणिसाव्या शतकातील कराचे तिकीट, सूचना व रंगीत चित्र शाबूत असलेली पेटी हाती आलीच, तर तिला करवत लावू नये. ती संग्राहकाच्या किंवा वस्तुसंग्रहालयाच्या कामाची आहे. आवाजासाठी तिच्याहून सरस पेटी थोड्या पैशांत मिळते.

विजेच्या साहाय्याने वाजवावयाची गिटार असेल, तर वरील सल्ल्याचा काही भाग उलटा होतो. झाकणाच्या आतून कंपनग्राही चकती चिकटवून आवाज ध्वनिवर्धकाकडे नेला, म्हणजे पेटीने स्वतः मोठ्याने बोलण्याची गरज राहत नाही. इतकेच नव्हे तर फार पातळ झाकण ध्वनिवर्धकातून आलेला आवाज पुन्हा पकडते आणि वाद्य किंचाळू लागते. अशा वाद्यास चार-पाच मिलिमीटरचे झाकण किंवा टाकून दिलेली प्लायवुडची पेटी अधिक बरी.

भारतात सिगारची पेटी सहज मिळत नाही. तिरुचिरापल्ली व दिंडिगूल येथील चिरूट एके काळी इंग्लंडपर्यंत प्रसिद्ध होते, परंतु आपल्याकडे धूम्रपानाची रीत विडीची, आणि विडीला पेटी लागत नाही. सुकामेव्याच्या, चहाच्या किंवा भेटवस्तूंच्या लाकडी पेट्यांना हेच सर्व निकष लागू आहेत. नाव सिगारचे असले तरी गुण पेटीचा आहे. भेटवस्तूंच्या पेट्यांत एमडीएफचे प्रमाण मोठे असते, एवढे ध्यानात ठेवावे. भिंती चांगल्या आणि झाकण वाईट अशी पेटी असल्यास झाकण काढून तेथे तीन मिलिमीटरचे प्लायवुड बसविता येते.

पेटी ठरली की झाकण कायमचे बंद करण्यापूर्वी बिजागऱ्या आणि कडी यांचा बंदोबस्त करावा. झाकणाच्या कडेला सर्वत्र सरस लावून ते बसविल्यास आवाज उत्तम निघतो, परंतु आत पुन्हा हात घालता येत नाही. चार कोपऱ्यांत व मध्ये लहान स्क्रू घातल्यास किंचित आवाज जातो, पण दुरुस्तीची वाट मोकळी राहते. पहिल्या वाद्यास स्क्रूच बरे. कडी शोभेसाठी ठेवावयाची असल्यास तिच्याखाली नमद्याचा लहान तुकडा चिकटवावा. न चिकटविल्यास वरच्या तारेवर नेमक्या एका सुराला ती वाजू लागते, आणि मग दोष तारेत, घोडीत आणि पडद्यांत शोधीत माणूस सबंध संध्याकाळ घालवतो.